रात्रीची घसरगुंडी

"घसरगुंडीच आहे गं नुसती. रात्री जी सुरू होते ती थेट सकाळपर्यंत."

"आणि हा म्हणे रात्रभर जागा असतो. कशासाठी जागा असतो ते कळलं आता."

लिफ्टमध्ये माझ्यापुढे आमच्याच सोसायटीतल्या दोघी उभ्या होत्या. मी मागे, आरशाला पाठ टेकवून, कानात इअरफोन घालून. इअरफोनमध्ये काहीच वाजत नव्हतं. मी बऱ्याचदा असं करते. लोक बोलायला येत नाहीत आणि ऐकू मात्र सगळं येतं.

एकीच्या हातात मोबाइल होता. तिच्या खांद्यावरून मला स्क्रीन दिसली. एक निळी रेघ, रेघेखाली तोच निळा आणखी फिकट, आणि तळाशी जाता जाता पांढऱ्यात विरून गेलेला. तो रंग मी निवडला होता. दोन दिवस घालवून निवडला होता, कारण आधीचा निळा पाण्यापेक्षा बँकेचा वाटत होता.

"पंप चालतो अर्धा तास," मोबाइलवाली म्हणाली. "मग रात्रभर टाकी खाली कशी होते? समोरच्या साईटवर पाइप सोडत असणार. तिकडे बांधकामाला पाणी लागतंच की."

"चेहरा बघ पण किती साधा."

"साध्या चेहऱ्याचेच असतात असले."

मोबाइलवालीचा मजला आला. बाहेर पडता पडता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ती एकदम खुलली. "अगं, तू आहेस होय! तुझं अ‍ॅप भारी आहे हं. चोर पकडून दिला बघ."

मी एक इअरफोन काढला, जणू तेवढंच ऐकू आलं, आणि म्हणाले, "थँक्यू."

सवयीने म्हणाले. शाळेत कौतुक झालं की लगेच थँक्यू म्हणायचं, हे आमच्या अंगात भिनवलेलं होतं. पण लिफ्टचं दार बंद झालं आणि तो शब्द माझ्याबरोबर आतच राहिला.

मी मोबाइल अ‍ॅपसाठी चार्ट बनवते. कुणी विचारलं तर "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगते. त्यापुढे सहसा कुणी विचारत नाही. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, बटणं आणि चेन विकणाऱ्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत पाण्याच्या टाकीत बसवायचे सेन्सर जोडतात, दुसऱ्या खोलीत अ‍ॅपचं काम चालतं. मालक सिंधी आहेत, मी त्यांना अंकल म्हणते. ते आधी टाक्या विकायचे. मग टाकीत पाणी किती आहे ते सांगणारं यंत्र विकू लागले, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टाकी माणूस एकदाच घेतो, पण पाण्याची काळजी त्याला रोज असते.

यंत्र साधं आहे. टाकीत बसवलेला सेन्सर थोड्या थोड्या वेळाने पातळी मोजतो, वायफायच्या डब्यातून ती पुढे पाठवतो, आणि सोसायटीतल्या प्रत्येकाला ती मोबाइलवर दिसते. ती दिसते कशी, एवढंच माझं काम.

पालेगावात आम्ही राहायला आलो तेव्हा समोर अजून शेत होतं. आता तिथे टॉवरचं काम चालू आहे. इथे दोन शेजारी भेटले की पहिला विषय पाणी. आलं का, किती आलं, टँकर सांगितला का. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अधिकारी आहेत आणि सोसायटीच्या कमिटीवरही आहेत. आमचं अ‍ॅप सोसायटीने घ्यावं म्हणून त्यांनीच सगळ्यांना तयार केलं. "आपल्याच घरातली मुलगी बनवते," असं ते प्रत्येकाला सांगायचे. मी तेव्हा चपलेकडे बघत उभी राहायचे.

आणि काका. पंप बघणारे, आणि रात्री गेटवरच्या केबिनमध्ये बसणारेही तेच. ते मूळचे याच गावचे, बिल्डिंग उभी राहिल्यापासून इथे होते. पहाटे, सगळे झोपेत असताना, ते खालच्या टाकीतलं पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. आमचा सेन्सर त्या खालच्या टाकीत होता. मग कंपाउंड झाडून, धुऊन, सात वाजता केबिनमध्ये परत. मी ऑफिसला निघाले की रोज काहीतरी बोलायचे. मी मान हलवायचे. एकदा म्हणाले, "ताई, तुमी कधी बोलता का नाय? का सगळं त्या मोबाइलमधीच?" मी त्यालाही मान हलवली. ते एवढे हसले की बाजूचा कुत्रा उठून उभा राहिला.

त्या काकांना लोक आता चोर म्हणत होते आणि पुरावा म्हणून माझी रेघ दाखवत होते.

त्या रेघेची गोष्ट बदलापूरला सुरू झाली. एका मोठ्या सोसायटीत डेमो होता; सेन्सर तिथे आठवडाभर आधीच बसवला होता. अंकल मला बरोबर घेऊन गेले, म्हणजे बोलायचं त्यांनी आणि मोबाइल धरायचा मी. शुक्रवारी तिथे लाईट गेली होती, त्यामुळे वायफाय बंद, त्यामुळे शुक्रवारच्या दुपारी चार्टमध्ये रेघच नव्हती. दोन्हीकडे रेघ, मध्ये रिकामी जागा. मी ती मुद्दाम तशी ठेवली होती. जिथे मोजलं नाही तिथे काही काढायचं नाही, एवढी साधी गोष्ट होती ती.

तिथल्या चेअरमननी चष्मा वर करून बघितलं. "हे मध्ये काय झालं? उंदराने कुरतडलं का?"

सगळे हसले. अंकलही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. काम मिळालं नाही. परत येताना रिक्षात त्यांनी तो चार्ट पुन्हा बघितला. मग म्हणाले, "बेटा, लाइन टूटी हुई दिखेगी तो ग्राहक बोलेगा माल में खोट है. जोड़ दे ना. एक सीधी लाइन ही तो है."

मी जोडली. रिकाम्या जागेआधीच्या शेवटच्या आकड्यापासून नंतरच्या पहिल्या आकड्यापर्यंत सरळ रेघ, आणि कोपरे टोचू नयेत म्हणून थोडा बाक. मग आणखी एक केलं. प्रत्येक मोजणीच्या जागी एक बारीक ठिपका असायचा, तो काढून टाकला. मोबाइलच्या एवढ्याशा रुंदीत दिवसभराचे ठिपके दाटी करत होते. बोटभर जागेत मुंग्या बसल्यासारखे दिसायचे. ते निघाल्यावर चार्ट खरंच सुंदर दिसू लागला. पण ठिपके असते तर कुणाच्याही लक्षात आलं असतं की अमुक ठिकाणी ठिपकेच नाहीत. ते गेल्यावर मोजलेलं पाणी आणि मी काढलेलं पाणी सारखंच निळं झालं.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. मी स्वतःला सांगितलं की टाकीचंच तर पाणी आहे, कुणाचं काय बिघडणार.

लिफ्टमधल्या त्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आमच्या सोसायटीचे मूळ आकडे उघडले. रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत सेन्सरकडून काहीच आलेलं नव्हतं. एक दिवस नाही, रोज. गेले कित्येक आठवडे. अकराला टाकी भरलेली, सातला बरीच खाली. मध्ये काय झालं ते कुठेच नव्हतं. पाणी किती उतरलं ते खरं होतं. कधी उतरलं ते कुणालाच माहीत नव्हतं. काका पहाटे पंप लावतात तेव्हा ते एकदम उतरत असणार, जिन्याच्या एका उंच पायरीसारखं. माझ्या रेघेने त्या पायरीची रात्रभराची घसरगुंडी केली होती.

पण रोज रात्री यंत्र बंद का पडत होतं? लाईट तर जात नव्हती.

संध्याकाळी घरी येताना मी केबिनपाशी थांबले. मी थांबले याचंच काकांना नवल वाटलं. त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं. मी उभीच राहिले. केबिन म्हणजे पत्र्याची खोली; एक खाट, भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात वायफायचा डबा आणि त्याच्या खाली एकच प्लग.

"काका, रात्री हा डबा चालू असतो ना?"

"नाय ना. रातचा मी काढतो त्याला." त्यांनी खाटेखालून डासांची मशीन काढून दाखवली, लाल दिव्याची, एका बाजूला थोडी वितळलेली. "हिला लावायला लागतं. प्लग एकच हाय. सकाळी सगळं आवरून आलो का परत डबा लावतो."

ती मशीन मी ओळखली. ती आमच्या घरातली होती.

पावसाळ्यात काकांना ताप आला होता. चांगला आठवडाभर ते दिसले नाहीत. परत आले तेव्हा गाल बसलेले होते. आईने जुनी मशीन शोधली, नवी बाटली घातली आणि माझ्या हातात दिली. "जा, देऊन ये. केबिनच्या मागे नाला आहे, डास फोडून काढत असतील त्यांना." मी खाली गेले, मशीन पुढे केली. काकांनी ती उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "पण लावू कुठं? हितं तर तुमचा डबा हाय."

मला तिथे उभं राहणं जड जात होतं. कुणाला काही देणं मला नेहमीच अवघड वाटतं. समोरचा आभार मानेल आणि आपल्याला काहीतरी बोलावं लागेल, याची धास्ती असते. मला फक्त वर जायचं होतं. मी म्हणाले, "रात्री काढा तो. रात्री कोण बघतंय."

आणि वर निघून आले. घरात पोचेपर्यंत विसरलेसुद्धा.

"तुमीच बोलला होता ना ताई," काका आता म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट आठवण करून दिल्याचा आनंद होता. "तेव्हापासून ताप नाय बघा. तुमच्या आईला सांगा." मग गेटकडे बघत म्हणाले, "लोक काय बोलतात ते मला कळतं. सकाळचा च्या द्यायचे दोन-तीन घरातून. बंद झाला. तुमची आई तेवढी देते." पुन्हा माझ्याकडे बघून हसले. "पानी कुठं जातं ते मोबाइल सांगतो म्हणं. मग त्यालाच विचारा की, मी कुठं जातो रातचा?"

मला तेव्हाच सांगता आलं असतं. काका, मोबाइलला माहीत नाही, मी काढलेली रेघ आहे ती. एवढी दोन वाक्यं. मी म्हणाले, "हो," आणि लिफ्टकडे गेले.

त्या रात्री मी जेवताना आईला सांगायचं ठरवलं होतं. पण बाबा समोर होते. आणि बाबा खुशीत होते.

मग मला एक मार्ग सुचला, आणि तो सुचल्यावर मला फार हलकं वाटलं. कुणाशी बोलायची गरजच नव्हती. मी चार्ट दुरुस्त करीन. जिथे आकडे नाहीत तिथली रेघ काढून टाकीन. रेघ गेली की घसरगुंडी गेली, घसरगुंडी गेली की आरोप गेला. लोक आपोआप विसरतील.

अंकलना विचारलं. ते जेवत होते, समोर दाल पकवानची प्लेट. मी चार्ट दाखवला, हळू आवाजात कारण सांगितलं. सगळं नाही, रात्रीचे आकडे येत नाहीत एवढंच. त्यांनी पापड मोडत ऐकून घेतलं.

"तेरी सोसायटी है, तू देख. उधर कर दे," ते म्हणाले. "बाकी को मत छेड़. जो चल रहा है, चलने दे."

मी फक्त आमच्या सोसायटीपुरता बदल केला. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर नवा चार्ट आला. रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत कोरी जागा. मला तो चार्ट बघून बरं वाटलं. खूप दिवसांनी मी गाणी ऐकत झोपले.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तोच चार्ट होता, आणि कोऱ्या जागेभोवती लाल गोल.

"हे बघा. आता मशीनच बंद करायला लागला."

"बोंब झाली ते कळलं ना त्याला. सावध झाला."

"पुरावाच गायब! शिकवलं कोणी याला?"

"आधी पाणी पळवलं, आता रात्र पळवली," असं एकाने लिहिलं आणि खाली बऱ्याच जणांनी हसणारे चेहरे टाकले.

मी इंग्रजीत मेसेज लिहायला घेतला. इंग्रजीत मला नीट, कडा घासून लिहिता येतं. एका परिच्छेदात मिसिंग डेटा आला, एका वाक्यात इंटरपोलेशन, म्हणजे मधली जागा अंदाजाने भरणं, आलं, शेवटी क्षमस्व आलं. वाचून बघितलं. कंपनीने ग्राहकाला पाठवावा तसा तो मेसेज होता. त्यात मी कुठेच नव्हते. जे चुकलं ते आपोआप चुकलं असं वाटत होतं. पुसून टाकला. मग मराठीत लिहायला घेतला, तर पहिल्याच ओळीत "मी" आलं आणि पुढे बोट सरकेना.

कारण आता नुसती रेघ चुकीची होती असं सांगून भागणार नव्हतं. लोक विचारणार, मशीन रोज रात्री बंद का असते? काका प्लग काढतात म्हणून. म्हणजे मी अर्धं सांगितलं तर काका आणखी अडकणार. पूर्ण सांगायचं तर माझं ते वाक्यही सांगावं लागणार. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, रविवारी मीटिंग घेऊन सोक्षमोक्ष लावू. बाबांनी अंगठा दिला.

रविवारी सकाळी बाबा मीटिंगसाठी शर्टाला इस्त्री करत होते. मी दारात उभी राहिले.

"बाबा, काकांना खरंच काढणार?"

"काढायलाच लागेल गं. मला वाईट वाटतं, माणूस बरा होता. पण डोळ्यांसमोर दिसतंय ना सगळं." इस्त्री कॉलरवरून फिरवत ते म्हणाले, "कमिटीत किती जण म्हणत होते, अ‍ॅपवर कशाला पैसे घालवायचे. आता कुणी बोलत नाही. तुझ्या चार्टमुळे झालं हे."

"माझ्या चार्टमुळेच," मी म्हणाले.

त्यांना त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. "तू पण ये खाली," ते म्हणाले. "बोलायचं काही नाही, नुसती उभी राहा. लोकांना बरं वाटतं."

आई चहाचा कप घेऊन खाली चालली होती, काकांसाठी. जाता जाता तिने माझ्याकडे एकदा बघितलं. तिला काही माहीत नव्हतं. पण मी गप्प असण्याचे प्रकार तिला ओळखता येतात.

मीटिंग पार्किंगमध्ये होती. गाड्या बाहेर काढलेल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे खांबांना टेकून. एका खांबामागे मीही. आमच्या चेअरमनच्या हातात दोन रंगीत झेरॉक्स होत्या, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेल्या. एकीवर घसरगुंडी, दुसरीवर भोक. त्यांनी त्या फिरवायला दिल्या. माझा निळा झेरॉक्सवाल्याकडे जांभळा झाला होता. लोक बोट फिरवून बघत होते आणि मान डोलवून पुढे देत होते. माझं कुठलंच काम कुणी इतकं लक्ष देऊन बघितलं नव्हतं.

काका पंपरूमच्या दाराशी उभे होते, हात मागे बांधून. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता. आईने दिलेला कप पायाशी ठेवला होता, प्यायलेला नव्हता.

"सरळ विचारतो," चेअरमन म्हणाले. "रात्री मशीन बंद करता की नाही?"

"डब्याचा प्लग काढतो. हो."

"कबूल करतोय!" खुर्च्यांमधून आवाज आला.

"थांबा हो जरा. का काढता?"

काकांनी लोकांवरून नजर फिरवली. ती खांबापाशी आली. माझ्यावर थांबली, किंवा मला तसं वाटलं. आता ते सांगतील, मला वाटलं. ताईंनी सांगितलं म्हणून. सांगावं त्यांनी, म्हणजे मला सांगायला नको. मी अगदी मनापासून तशी इच्छा केली, आणि तेव्हाच मला माझी शिसारी आली.

"मच्छर लय हायत साहेब," काका म्हणाले.

पार्किंगभर हशा झाला. "मच्छर!" लिफ्टमधली ती मोबाइलवाली माझ्या शेजारीच उभी होती, ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आता मच्छर पाणी प्यायले म्हणेल." काकाही थोडे हसले, सगळे हसतात म्हणून. मग त्यांनी खाली बघितलं. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही, ते मला आजही कळलेलं नाही. मला वाचवायचं म्हणून, की ते महत्त्वाचं आहे असं त्यांना वाटलंच नाही म्हणून.

"वाढवत नाही," चेअरमन म्हणाले. "या महिन्यापर्यंत ठेवू, पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस. केबिनही रिकामी करून द्यायची. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

हात वर जाऊ लागले. बाबांचा इस्त्री केलेल्या बाहीचा हातही वर गेला, जरा उशिरा, पण गेला.

माझाही हात वर गेला.

मला बोलायचं होतं. शाळेत बोलायचं असलं की हात वर करायचा, बाईंनी नाव घेतलं की उभं राहायचं. बारा वर्षं मी हात वर न करण्याची कला शिकले होते, आणि आता केला तर तो अशा वेळी. चेअरमन बोटाने हात मोजत खांबापर्यंत आले आणि मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघा, अ‍ॅपवाल्या मॅडमचा पण हात वर आहे! आता आणखी काय पाहिजे?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बाबा अभिमानाने बघत होते. काकांनीही मान वर केली. त्यांनी माझा वर गेलेला हात बघितला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावरचं हसू पूर्ण गेलं.

मी हात खाली घेतला. खांबाच्या पुढे आले. आवाज माझा वाटत नव्हता, आणि नको इतका मोठा निघाला.

"माझा हात मोजू नका," मी म्हणाले. "ती रात्रीची रेघ मोजलेली नाही, ती मी काढली आहे. आणि डब्याचा प्लग काढायला काकांना मीच सांगितलं होतं."